पावलांचे व्याकरण



ज्यांचे नाव या व्याख्यानाला दिलेले आहे, त्या आपल्या व्यायामशिक्षकांना प्रथम वंदन करतो. त्यांना आम्ही कधी नावाने ओळखले नाही. 'सर' म्हटले की तेच, असा त्या काळी या शाळेत संकेत होता. इतर सरांना आडनावे होती.

या व्यासपीठावरून आजवर इतिहास, संतवाङ्मय, विज्ञान अशा विषयांवर विद्वानांची व्याख्याने झाली. मी विद्वान नाही. माझी सारी नोकरी यंत्रांच्या भागांची रेखाटने करण्यात गेली. नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे इंग्लंडात राहावे लागले. तेथे संध्याकाळच्या वर्गात जाऊन मी बॉलरूम आणि लॅटिन ही नृत्ये शिकलो. परत आल्यावर आपल्या वडोदऱ्यात काही वर्षे दर रविवारी हौशी मुलामुलींना ती शिकवली. आजच्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच आहे.

विषय कळवला तेव्हा समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी मला प्रेमाने विचारले, "अहो, सरांच्या स्मृतिव्याख्यानात साहेबांचा नाच कशाला?" प्रश्न योग्य होता. मी त्यांना म्हटले, की मी नाचाविषयी थोडे आणि शिकवण्याविषयी पुष्कळ बोलणार आहे. वॉल्टर लेअर्ड या इंग्रज नर्तकाचे आयुष्य मी आपल्यापुढे ठेवणार आहे. तो आधी स्पर्धेतला विजेता होता आणि नंतर विजेत्यांचा गुरू झाला. या दोन अवस्थांच्या मध्ये त्याने जे काम केले, त्याचा आपल्या सरांशी आणि आपल्या सर्वांशी काय संबंध आहे, ते शेवटी सांगेन.

ज्यांनी ही स्पर्धा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी प्रथम थोडे सांगतो. स्पर्धेत दोन गट असतात. बॉलरूम गटात वॉल्ट्झ, टँगो, व्हिएनीज वॉल्ट्झ, स्लो फॉक्सट्रॉट आणि क्विकस्टेप ही पाच नृत्ये येतात. लॅटिन गटात साम्बा, चा-चा-चा, रुम्बा, पासो डोब्ले आणि जाइव्ह ही पाच. एक पुरुष आणि एक स्त्री अशी जोडी असते आणि अनेक जोड्या एकाच वेळी मैदानात उतरतात. कोणते गीत वाजणार हे नर्तकांना आधी ठाऊक नसते, फक्त त्याची लय ठरलेली असते. वॉल्ट्झचे संगीत मिनिटाला सुमारे २८ ते ३० आवर्तने, रुम्बाचे सुमारे २५ ते २७. दीड-दोन मिनिटांत संगीत थांबते. तेवढ्या वेळात परीक्षकाला सगळ्या जोड्या पाहून निवड करायची असते. म्हणजे एका जोडीच्या वाट्याला परीक्षकाचे काही क्षणच येतात. वर्षानुवर्षांची मेहनत त्या काही क्षणांत दिसली पाहिजे. आपल्याकडे कुस्तीचा निकाल एका डावात लागतो, तसाच हा प्रकार आहे.

ही शिस्त आपोआप आलेली नाही. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतून नव्या चालीचे संगीत इंग्लंडात आले आणि जो तो आपल्या मनाने नाचू लागला. 'डान्सिंग टाइम्स' या मासिकाचे संपादक फिलिप रिचर्डसन यांनी १९२० साली लंडनमधल्या नृत्यशिक्षकांना एकत्र बसवले. कोणते पाऊल ग्राह्य आणि कोणते अग्राह्य, याची चर्चा तेव्हापासून सुरू झाली. त्याच वर्षी ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावी नृत्यमहोत्सव सुरू झाला. तेथल्या एम्प्रेस बॉलरूममध्ये नाचायला मिळणे ही आजही प्रत्येक स्पर्धकाची आकांक्षा असते.

१९२२ साली लंडनमध्ये बॉलरूमची जागतिक स्पर्धा झाली. ती व्हिक्टर सिल्व्हेस्टर या एका पाद्र्याच्या मुलाने फिलिस क्लार्क हिच्यासह जिंकली. या सिल्व्हेस्टरने पुढे काय केले ते पाहण्यासारखे आहे. १९२४ साली इंपीरियल सोसायटी या शिक्षकसंस्थेची बॉलरूम शाखा निघाली, तिच्या पहिल्या समितीत तो होता. १९२७ साली त्याने बॉलरूम नृत्यावर पुस्तक लिहिले. शिकवताना त्याच्या लक्षात आले, की बाजारातल्या ध्वनिमुद्रिकांची लय नर्तकाच्या उपयोगाची नाही. ती मध्येच धावते, मध्येच रेंगाळते. तेव्हा १९३५ साली त्याने स्वतःचा वाद्यवृंद उभा केला आणि काटेकोर लयीच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. शिष्याला ज्या साधनाची गरज आहे ते बाजारात नसेल तर ते स्वतः घडवायचे, हा शिक्षकाचा स्वभाव असतो. आपले सर लेझमीचे सैल झालेले खिळे स्वतः ठोकत असत, याची मला येथे आठवण होते.

बॉलरूम नृत्याला असे नियम मिळाले. लॅटिन नृत्यांना मात्र अजून मिळाले नव्हते. तो इतिहास एका माणसाच्या प्रामाणिकपणाशी जोडलेला आहे. लंडनमध्ये पिएर झ्युर्शे-मार्गोल नावाचे शिक्षक होते. त्यांना सगळे मुस्यू पिएर म्हणत. डॉरिस लाव्हेल या आपल्या जोडीदारणीसह ते युद्धापूर्वीपासून रुम्बा शिकवत. त्यांचा रुम्बा चौकोनी होता, म्हणजे पावले जमिनीवर चौकट काढीत. नाव झाले होते, शिष्य जमले होते. १९४७ साली ते क्यूबात हवाना येथे गेले आणि पाहतात तो तेथे लोक निराळेच नाचत आहेत. पावलांची चौकट तर नव्हतीच, पण पाऊल पहिल्या मात्रेवर पडतच नव्हते. ते दुसऱ्या मात्रेवर पडत होते. हवानातल्या पेपे रिव्हेरा या नर्तकाकडून पिएर नव्याने शिकले.

आता विचार करा. प्रतिष्ठा मिळवलेला शिक्षक परदेशातून परत येतो आणि आपल्याच विद्यार्थ्यांना सांगतो, की मी तुम्हांला आजवर जे शिकवले ते चूक होते. पिएर यांनी हे सांगितले. त्यावरून इंग्लंडातल्या नृत्यशिक्षकांत मोठी भांडणे झाली. ज्यांनी चौकोनी रुम्ब्यावर वर्ग चालवले होते त्यांना हे नवे कशाला हवे असेल? काही वर्षे दोन पक्ष राहिले. अखेर १९५५च्या सुमारास क्यूबन पद्धतीला मान्यता मिळाली. आज जगभरच्या स्पर्धांत जो रुम्बा नाचला जातो तो या पद्धतीचा आहे.

या पार्श्वभूमीवर वॉल्टर लेअर्ड पुढे आला. त्याचा जन्म १९२० सालचा. लॉरेन रेनल्ड्स या जोडीदारणीसह त्याने १९६२, १९६३ आणि १९६४ अशी सलग तीन वर्षे व्यावसायिकांचे लॅटिन नृत्याचे जागतिक अजिंक्यपद मिळवले. एवढ्यावर त्याचे नाव स्पर्धांच्या इतिहासात राहिले असते आणि त्या इतिहासापुरतेच राहिले असते. ते त्याहून पुढे गेले याचे कारण त्याचे पुस्तक. 'टेक्निक ऑफ लॅटिन डान्सिंग' हे त्याचे नाव. विशेष हे, की ते त्याने म्हातारपणी आठवणी म्हणून लिहिले नाही. १९६०च्या दशकाच्या आरंभी, स्वतः स्पर्धेच्या ऐन भरात असताना लिहिले. आपले पाऊल कसे पडते ते त्याने आपल्या प्रतिस्पर्ध्यांनाही सांगून टाकले.

हे पुस्तक इंग्लंडात माझ्या हाती आले तेव्हा मी चकित झालो. नृत्याचे पुस्तक म्हणून मी ते उघडले आणि माझ्या कचेरीतले रेखाटन समोर यावे तसे झाले. पानापानांवर तक्ते होते. पुरुषाचा तक्ता वेगळा, स्त्रीचा वेगळा. एका ओळीत एक पाऊल. पुढे रकाने: पाऊल किती मात्रांचे, कोणता पाय कोठे ठेवायचा, शरीर किती वळले, जोडीदाराला संकेत कसा द्यायचा. वळण मोजण्यासाठी वर्तुळाचे आठ भाग मानलेले. म्हणजे 'थोडेसे वळा' असे मोघम सांगणे नाही. एक अष्टमांश वळा, तीन अष्टमांश वळा.

पायाची जागा आणि वळणाचा हिशेब बॉलरूमच्या पुस्तकांतही होता. लेअर्डच्या तक्त्यात मला महत्त्वाचा वाटला तो क्रियेचा रकाना. पाय कोठे गेला हे सांगून भागत नाही, तो तेथे कसा गेला हे सांगावे लागते. एकच पाऊल पुढे टाकायचे, पण भार पूर्ण देऊन टाकले तर एक क्रिया, भार अडवून धरला तर दुसरी, गुडघा सरळ व्हायला उशीर केला तर तिसरी. लेअर्डने या क्रियांना नावे दिली आणि प्रत्येक नावाचा अर्थ एकदा नीट समजावून सांगितला. मग पुढच्या शेकडो पावलांत तेवढे नाव लिहिले की काम भागले. पाणिनीची सूत्रे ज्यांनी थोडीफार वाचली आहेत त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. आधी संज्ञा निश्चित करायच्या, मग नियम थोडक्यात सांगायचे.

रुम्ब्यातली साधी पुढची चाल घ्या. नवशिक्या माणसाला वाटते, की या नाचात कंबर हलवायची असते. म्हणून तो कंबर हलवतो आणि हास्यास्पद दिसतो. खरे असे आहे, की कंबर हलवायची नसतेच. मागच्या पायाने जमिनीला दाब द्यायचा. पुढे जाणारा पाय चवड्याने जमिनीचा स्पर्श राखीत जातो. चवडा टेकतो, टाच उतरते, गुडघा सरळ होतो, शरीराचा भार त्या पायावर येतो. हे सारे बरोबर झाले, की कंबर आपली आपण त्या बाजूला जाऊन स्थिरावते. प्रेक्षकाला जे दिसते ते फळ असते, त्याचे मूळ जमिनीपाशी असते. चांगला नर्तक हे नकळत करतो. चांगल्या शिक्षकाला ते कळून सांगता यावे लागते.

नर्तक आणि शिक्षक यांतला हा फरक लेअर्डच्या पुढच्या आयुष्यात दिसतो. स्पर्धेतून निवृत्त झाल्यावर तो परीक्षक झाला आणि मुख्य म्हणजे प्रशिक्षक झाला. नर्तकाला एकच शरीर सांभाळायचे असते, ते स्वतःचे. त्यातल्या अडचणी तो सवयीने सोडवतो आणि कशा सोडवल्या ते विसरूनही जातो. प्रशिक्षकासमोर मात्र रोज निराळे शरीर येते. एकाचे पाय लांब, एकीचा खांदा आखडलेला, कोणाची जोडीदारीण त्याच्यापेक्षा उंच. 'मी करतो तसे करा' हे तेथे चालत नाही, कारण त्यांचे शरीर त्याचे नसते. त्यांना नियम द्यावा लागतो आणि तो नियम त्यांच्या शरीरात कसा बसेल ते शोधून द्यावे लागते.

लेअर्डला ते साधले, याचा पुरावा त्याच्या शिष्यांत आहे. नॉर्वेचा एस्पेन सालबर्ग जगज्जेता झाला. फिनलंडचा युक्का हापालाइनेन जगज्जेता झाला. ब्रिटनची डॉनी बर्न्स आणि गेनर फेअरवेदर ही जोडी १९८० आणि १९९०च्या दशकांत मिळून चौदा वेळा व्यावसायिक लॅटिन नृत्याची जगज्जेती ठरली. गुरूची तीन अजिंक्यपदे, शिष्यांच्या एकाच जोडीची चौदा. आणि पाहणारे सांगतात, की हे शिष्य एकमेकांसारखे नाचत नसत, गुरूसारखेही नाचत नसत. व्याकरण एक असले म्हणून सगळ्यांनी एकच कविता लिहावी असे थोडेच आहे? डॉनी बर्न्स पुढे स्वतः शिक्षक झाला आणि जागतिक नृत्य परिषदेचा अध्यक्षही झाला. लेअर्ड २००२ साली वारला. त्याचे पुस्तक नव्या आवृत्त्यांतून चालू राहिले आणि आजही शिक्षकांच्या परीक्षांना लागते.

येथवर मी एकच बाजू मांडली. दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. कला अशी तक्त्यात बांधली, की ती मरते, असा आक्षेप आहे आणि तो पोकळ नाही. स्पर्धेतला रुम्बा क्यूबातल्या बोलेरो-सोन या प्रकारावर आधारलेला आहे. क्यूबातले लोक ज्याला रुम्बा म्हणतात तो ढोलांच्या साथीचा, गल्लीत आणि अंगणात होणारा प्रकार निराळाच आहे. २०१६ साली युनेस्कोने मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली ती त्याला. हवानाचा म्हातारा ब्लॅकपूलला येऊन बसला तर समोरच्या नाचाला तो आपला म्हणेल का, याची मला शंका आहे. प्रमाण ठरवताना काही तरी बाहेर राहते, आणि जे बाहेर राहते ते पुष्कळदा ज्यांच्या घरातून ती कला आली त्यांचेच असते. हे विसरू नये.

वडोदऱ्याला हा वाद नवा नाही. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८८६ साली मौलाबक्ष यांनी येथे गायनशाळा सुरू केली आणि गाणे कागदावर उतरवण्याची स्वरलेखनपद्धती तयार केली. १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद याच नगरीत भरली. पंडित भातखंडे तिचे सूत्रधार होते. त्यांनी पुढे घराण्यांच्या शेकडो चिजा स्वरलिपीत छापून काढल्या. गुरुमुखातून मिळणारी विद्या कागदावर कशी येईल, असा आक्षेप तेव्हाही होता. आक्षेप घेणारे म्हणत, की मींड कागदावर येत नाही. ते खरेच आहे. पण ज्या चिजा कोणीच लिहून घेतल्या नाहीत त्यांचे शब्दसुद्धा राहिले नाहीत, हेही तितकेच खरे आहे.

कागदाची मर्यादा मला माझ्या रविवारच्या वर्गात कळली. मी रुम्बा शिकवत होतो. दुसऱ्या मात्रेवर पाऊल, तिसऱ्यावर पाऊल, चौथ्यावर पाऊल आणि पहिल्या मात्रेला थांबा, असे मी सांगत असे. मुले अगदी बरोबर करीत आणि दिसायला ते कवायतीसारखे दिसे. दोष मुलांचा आहे असे मी धरून चाललो होतो. एके दिवशी तबला शिकणाऱ्या एका मुलीने विचारले, "काका, पहिली मात्रा म्हणजे सम ना? मग समेला आपण काहीच का करत नाही?" मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन पुस्तक पुन्हा उघडले. उत्तर तेथे होते. पहिल्या मात्रेला पाऊल नसते, पण चौथ्या मात्रेला टाकलेल्या पावलावर शरीर त्या क्षणी पुरते येऊन पोचते आणि कंबर स्थिरावते. ते थांबणे नव्हेच. आपल्या भाषेत सांगायचे तर ते समेवर येणे आहे. किती तरी महिने मी मुलांना नाचाचा प्राण असलेल्या मात्रेला स्वस्थ उभे राहायला सांगत होतो. पुढच्या रविवारी मी मुलांपुढे हे कबूल केले. मुस्यू पिएर यांची गोष्ट मला ठाऊक नसती तर ते धैर्य झाले असते की नाही, सांगता येत नाही. पुस्तक अपुरे नव्हते, माझे वाचन अपुरे होते. पण शिष्याने विचारले नसते तर मी ते पुन्हा उघडलेही नसते. लिहिलेली विद्या आणि समोरचा शिष्य या दोन्हींची गरज असते, ती यासाठी.

आता सरांकडे येतो. व्यायामाची विद्या लिहून ठेवण्याचे फार मोठे काम याच वडोदऱ्यात आणि आपल्याच मराठी भाषेत झालेले आहे. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेल्या 'व्यायामज्ञानकोशा'चे दहा खंड येथे निघाले. जुम्मादादा व्यायाममंदिराची आणि प्रोफेसर माणिकरावांची परंपरा येथलीच. 'चार आवाज', 'आठ आवाज', 'पवित्रा', 'दो रुख' हे लेझमीचे हात तुम्ही मुले आजही करता, ते कोणी तरी नावे देऊन, क्रम लावून ठेवले म्हणून. त्यांना धोका नाही.

पण सरांनी स्वतः एक हात बसवला होता. माझ्या वेळच्या माजी विद्यार्थ्यांना तो आठवत असेल. दोन रांगा समोरासमोर येत, एकमेकींतून पार होत आणि वळून पुन्हा जुळत, आणि ज्या क्षणी सगळ्या लेझमी एकदम गप्प होत त्या क्षणी प्रेक्षकांच्या अंगावर काटा येई. त्या हाताला सरांनी नाव दिले नाही आणि तो कोठे लिहून ठेवला नाही. दर वर्षी जुनी मुले नव्यांना शिकवीत, त्यामुळे लिहिण्याची गरज कोणाला वाटली नाही. सर गेले त्यानंतरच्या वर्षी आम्ही काही जण श्रद्धांजली म्हणून तो करायला याच मैदानावर उभे राहिलो. सोळा मात्रांपर्यंत ठीक गेले. सतराव्या मात्रेला तिघे तीन दिशांना वळलो. प्रत्येकाला आपलेच बरोबर वाटत होते. विचारायला सर नव्हते. आम्ही लेझमी खाली ठेवल्या आणि पुन्हा कोणी तो विषय काढला नाही.

मी शरीराच्या शास्त्राचे तक्ते वाचण्यात इतकी वर्षे घालवली, इंग्रज माणसाचे पाऊल अष्टमांशापर्यंत पाठ केले, आणि माझ्या गुरूचा एक हात मला लिहून घेता आला नाही. सर हयात असताना एका दुपारचे काम होते. याची मला लाज वाटते. आज येथे येण्याचे निमंत्रण मी स्वीकारले ते मुख्यतः यासाठी.

लेअर्डच्या पद्धतीने मी एक तक्ता आखला आहे. चौसष्ट मात्रांच्या चौसष्ट ओळी. रकाने चार: पाय, वळण, लेझमीची क्रिया आणि रांग. त्यातल्या एकेचाळीस ओळी मी आणि माझ्या दोन वर्गबंधूंनी भरल्या आहेत. तेवीस कोऱ्या आहेत. तो तक्ता आज सभागृहाच्या दाराशी टेबलावर ठेवला आहे, शेजारी पेन्सिल आणि खोडरबर आहे. ज्या ज्या माजी विद्यार्थ्यांनी सरांच्या हाताखाली तो हात केला असेल त्यांनी जाताना थांबावे. डोक्याला आठवत नसेल तर खुर्चीवरून उठून पायांना विचारावे. पायांना पुष्कळदा आठवते. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहाव्यात. आपल्याला चुकीचे आठवत होते असे ध्यानात आले तर ते मोकळेपणाने खोडावे.

मुख्याध्यापकांनी शब्द दिला आहे, की तक्ता जेवढा पूर्ण होईल तेवढा ते नववीच्या मुलांकडून येत्या सव्वीस जानेवारीला करवून घेतील. मुलांनो, करताना तुम्हांला एखाद्या मात्रेला काय करायचे ते कळले नाही, तर त्या तबला शिकणाऱ्या मुलीसारखे आम्हांला विचारा. आमच्याकडे उत्तर नसेल तर आम्ही पुन्हा तक्ता उघडू.

 सरांच्या स्मृतीस पुन्हा एकदा वंदन करून मी माझे भाषण संपवतो.